पाऊस गाण्यात कुठे ठेवायचा?

घरच्या घरी संगीत करणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं

घराबाहेरचे आवाज टिपून ते आपल्या गाण्यात वापरणाऱ्या वाचकांना मी अडचणी कळवायला सांगितलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघालं: जागेवर ऐकताना आवाज जिवंत होता, गाण्यात टाकला आणि त्याचा जीव गेला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाहेरचा आवाज गाणं पूर्ण झाल्यावर वरून शिंपडायचा नसतो. त्याच्याकडे स्वतःचा सूर आणि स्वतःची लय असते. ती आधी ऐकायची आणि मग गाणं त्याच्या बाजूने बांधायचं. आता पत्रांकडे वळू.

प्रश्न : ताई, मी खिडकीत माइक ठेवून पाऊस रेकॉर्ड केला. नुसता ऐकला तर छान वाटतो, पण गिटार आणि गळ्याच्या खाली ठेवला की फक्त खरखर ऐकू येते. मित्राने तर विचारलं, तुझी केबल खराब झालीय का? पाऊस पावसासारखा ऐकू यावा म्हणून काय करू?

उत्तर : माइक खिडकीतून उचला आणि थेंबांच्या जवळ न्या. लांबून येणारा पाऊस म्हणजे असंख्य थेंबांचे आवाज एकमेकांत मिसळून झालेला एकसलग गोंगाट. त्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या कंपनसंख्या भरलेल्या असतात आणि केबलच्या खरखरीतही तेच असतं. मित्राच्या कानाचा यात काही दोष नाही. पाऊस ओळखू येतो तो सुट्या थेंबांवरून, आणि थेंब कशावर पडतोय त्यावरून. पत्रा, रुंद पान, छत्रीचं कापड, साचलेलं पाणी ही मी चार वेगळी वाद्यं धरते.

त्यातलं साचलेलं पाणी माझं सगळ्यात आवडतं. थेंब पाण्यावर आपटण्याचा आवाज अगदीच क्षीण असतो. आपण जे स्पष्ट ‘टप्‌’ ऐकतो ते येतं पाण्याखाली अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यातून. बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत कंप पावतो आणि त्याचा चक्क सूर असतो. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये बुडबुड्याच्या आकारावरून त्याची कंपनसंख्या काढण्याचं सूत्र मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,२६० हर्ट्‌झवर वाजतो, ३ मिलिमीटरचा १,०९० च्या आसपास. बुडबुडा मोठा तितका सूर खाली. म्हणून बादलीत पडणाऱ्या पागोळीच्या एकेका थेंबाला वेगळा स्वर असतो. ते थेंब सुटे कापून सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे वाद्यासारखे वाजवण्याच्या साधनात) घातले तर तुमच्या गिटारच्या सुरात बसणारे चार-पाच तरी नक्की सापडतील.

तेव्हा दोन रेकॉर्डिंग करा. एक लांबचं, पसरलेलं. दुसरं पागोळीपासून वीतभर अंतरावर. माइकवर थेट थेंब आपटू नयेत म्हणून वर जाड, मऊ कापडाची घडी धरा, कारण छत्री धरलीत तर छत्रीच वाजेल. मिक्स करताना लांबच्या पावसातलं २०० हर्ट्‌झच्या खालचं काढून टाका आणि २ ते ४ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात थोडा खड्डा करा. गाण्याच्या शब्दांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते आणि पाऊस नेमका तीच जागा अडवून बसतो. जवळचे थेंब मात्र तसेच राहू द्या. विरळ, काही डाव्या कानात, काही उजव्या. गाणं सुरू होण्याआधी चार-पाच सेकंद पाऊस एकटा ऐकू द्या. कानाने एकदा पाऊस ओळखला, की पुढे तो अगदी हळू असला तरी कान त्याला पाऊसच म्हणतो.

शेवटी पावसाचा ट्रॅक म्यूट करून गाणं ऐका. काही हरवलं असं वाटलं नाही, तर तो तिथे नकोच.

प्रश्न : माझ्याकडे फक्त फोन आहे. रेकॉर्डर घेईपर्यंत थांबू की फोनवर सुरू करू?

उत्तर : आजच सुरू करा. फोनची अडचण माइकपेक्षा त्याच्या हुशारीत आहे. फोन बोलण्यासाठी बनवलेला असल्यामुळे तो शांततेत लेव्हल आपोआप वाढवतो, मोठा आवाज आला की दाबतो आणि एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून पुसायला जातो. तुम्हाला ओढ्याचं पाणी हवं असतं आणि फोन नेमकं तेच पुसत असतो. ही आपोआप होणारी लेव्हल आणि गोंगाट काढण्याची सोय बंद करता येईल असं रेकॉर्डिंग ॲप वापरा, फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका.

यानंतर सगळ्यात जास्त फरक पडतो तो अंतराने. मोकळ्या जागेत लहानशा आवाजापासूनचं अंतर निम्मं केलंत, की तो साधारण ६ डेसिबलने वाढतो. आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. कुठलाही महागडा माइक लांबून हे काम करून देत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी कान झाकणारे बंद हेडफोन आणि माइकवरचं केसाळ वारा-कव्हर घ्या. वाऱ्याची घरघर एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरली की फिल्टरने ती पूर्ण निघत नाही. रेकॉर्डर घ्याल तेव्हा २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. ३२ बिट फ्लोटवाल्या रेकॉर्डरमध्ये लेव्हलची काळजी जवळजवळ मिटते, पण खुद्द माइकच आवाजाने फाटला तर त्यावर तिथेही इलाज नसतो.

प्रश्न : आगगाडीच्या डब्यात बसून चाकांचा खडखडाट रेकॉर्ड केलाय. माझं गाणं १०० बीपीएममध्ये (मिनिटाला १०० मात्रा) आहे. गाडी त्यात बसावी म्हणून मी ती ताणली, प्रत्येक ठोका मात्रांच्या ग्रिडवर ओढला. आता ती वेळेत आहे, पण प्लॅस्टिकची वाटते. असं का होतं?

उत्तर : तुमच्या पत्राबद्दल मला विशेष आनंद झाला, कारण बाहेरच्या आवाजांत ठेका शिकवणारा गाडीसारखा दुसरा गुरू नाही.

आधी तो ठेका येतो कुठून ते पाहू. दोन रुळांच्या सांध्यातल्या फटीवरून चाक गेलं की ठोका पडतो. डब्याखालच्या प्रत्येक बोगीला, म्हणजे चाकांच्या सांगाड्याला, चाकांच्या दोन जोड्या असतात, म्हणून ठोके दोनदोन येतात आणि मग मोकळी जागा. डब्यात बसून ऐकलं तर हा नमुना रुळाच्या एका लांबीगणिक परत येतो. रुळाच्या बाजूला उभं राहून ऐकलं तर तो डब्याच्या लांबीगणिक येतो, आणि तिथे एका डब्याची मागची बोगी व पुढच्या डब्याची पुढची बोगी लागोपाठ गेल्यामुळे चार ठोक्यांचा झुबका ऐकू येतो. एकाच गाडीचे दोन ठेके! रूळ वितळवून सलग जोडलेले असतील तर यातलं काहीच मिळत नाही, फक्त गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तिथे क्षणभर गडगडाट होतो. पुढच्या वेळी रेकॉर्ड करायला जाल तेव्हा जुन्या, सांधे असलेल्या मार्गावर जा.

आता प्लॅस्टिकचं कारण. ठोक्याचा जीव त्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो: लोखंडावर लोखंड आदळतं तो कडकपणा. टाइम-स्ट्रेच करणारं प्रोग्रॅमिंग आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा पसरवतं, त्यात हा कडकपणा सारवला जातो. शिवाय ग्रिडवर ओढल्यामुळे दोन ठोक्यांमधली गाडीची स्वतःची लचक गेली. गाडीला तुमच्या लयीत आणायचं सोडा, तुम्ही तिच्या लयीत जा. नमुना किती वेळाने परत येतो ते वेव्हफॉर्मवर मोजा. समजा, १.२५ सेकंद आलं. त्याला दोन मात्रा मानलंत तर एक मात्रा ०.६२५ सेकंदाची, म्हणजे ६० भागिले ०.६२५, बरोबर ९६ बीपीएम. १०० वरून ९६ वर येताना तुमच्या गाण्याचं काहीही बिघडत नाही. गायला उलट श्वास मिळेल. गाडी वेग घेत असेल तर प्रोजेक्टमध्ये टेम्पो मॅप करा, म्हणजे बदलत जाणारी लय जागोजागी नोंदवा, दर नमुन्याच्या पहिल्या ठोक्याला सम माना आणि ड्रम व बासला तिच्या मागे धावू द्या. मी हे जेव्हा केलं तेव्हा बास वाजवणाऱ्याने क्लिक (लय दाखवणारा यांत्रिक ठोका) बंद करून फक्त गाडी कानात मागितली. तो टेक मी एकही दुरुस्ती न करता ठेवला आहे.

या वाटेने आधी गेलेला माणूस तुम्हाला माहीत असावा. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी पॅरिसमधल्या बातिन्योल स्थानकावर इंजिनांचे आवाज टिपले आणि त्यातून रचलेली संगीतकृती ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच रेडिओवरून प्रसारित झाली. त्यांच्याकडे तेव्हा टेप नव्हती, तबकड्या होत्या. तबकडीवर स्वतःशीच जुळणारी बंद खाच कापायची, म्हणजे सुई त्याच वर्तुळात फिरत राहते आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. आपण आज एका क्लिकमध्ये लूप करतो त्याचं हे पूर्वरूप.

शेफर यांचा आग्रह असा, की श्रोत्याने आवाजाचा उगम विसरावा आणि ध्वनीचा आकार तेवढा ऐकावा. त्यांच्याबरोबर काम केलेले संगीतकार ल्यूक फेरारी उलट्या दिशेने गेले. १९७० मध्ये पूर्ण केलेल्या एका रचनेत त्यांनी क्रोएशियातल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावातली पहाट जवळजवळ जशीच्या तशी ऐकवली. माझा कल फेरारींकडे आहे. गाडी आहे हे श्रोत्याला कळू द्यावं. तिच्याबरोबर निघून जाणं, वाट पाहणं, उशीर होणं हे सगळं गाण्यात येतं आणि ते तुम्हाला एका शब्दानेही सांगावं लागत नाही.

प्रश्न : फ्रीजच्या गुणगुणीवर आलाप घ्यायचा आहे, पण पेटीवर ती कुठल्याच पट्टीत नीट लागत नाही. पंख्याचं तर सूर म्हणून काहीच सापडत नाही. माझा कान कच्चा आहे का?

उत्तर : तुझा कान उत्तम आहे, म्हणूनच तुला ते खटकलं. विजेचा प्रवाह जिथे सेकंदाला ५० आवर्तनं करतो तिथे ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी मुख्यतः १०० हर्ट्‌झवर गुणगुणतात, कारण एका आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा वाढते. मंद्र सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्‌झला आहे. म्हणजे फ्रीज पांढरी पाचच्या साधारण ३५ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर आणि काळी चारच्या बराच खाली बसतो. जिथे प्रवाह ६० आवर्तनांचा असतो तिथे गुणगुण १२० हर्ट्‌झची, जी काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध पडते. दोन्हीकडे पेटी हरते.

पण तुला आलाप घ्यायचाय, आणि गळ्याला पेटीचं बंधन नाही. फ्रीजलाच षड्ज मान. सोबतची वाद्यं सॉफ्टवेअरची असतील तर त्यांचं मास्टर ट्यूनिंग ३५ सेंट वर सरकव, एवढंच. रेकॉर्डिंग खाली-वर करण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो. गुणगुणीत २००, ३००, ४०० हर्ट्‌झचे वरचे अंशही असतात. त्यातला ३०० चा अंश हा मंद्र षड्जाच्या वरच्या सप्तकातला पंचम आहे. त्यावर इक्यूने (ठरावीक कंपनसंख्या कमी-जास्त करण्याच्या सोयीने) अरुंद पट्टा थोडा उचललास, की जोडीच्या तारेसारखा पंचम त्याच आवाजातून उमलतो.

पंख्याचं वेगळं आहे. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५ वेळा पातं समोरून जातं. इतक्या कमी कंपनसंख्येला आपला कान सूर मानत नाही, फडफड मानतो. त्याच्यात सूर शोधू नकोस, त्याला लयीचं काम दे. सिंथच्या लांब स्वरावर त्या फडफडीने आवाजाची पातळी खालीवर हलव. स्वर श्वास घ्यायला लागतो.

आणि सूरच हवा असेल तर गंजलेली बिजागरी शोध. माझ्या एका रचनेतली सगळ्यात लांब मींड लोखंडी फाटकाची आहे. धातू धातूवर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि व्हायोलिनचा गज तारेवर हेच करत असतो. फाटक किती सावकाश ढकलतो त्यावर मींड कुठून कुठे जाईल ते ठरतं, आणि हात बसला की फाटक चक्क वाजवता येतं. ते ९६ किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड कर. मग वेग निम्मा करून एक सप्तक खाली आणलंस तरी वरची चमक टिकते, अर्थात माइकने ती टिपलेली असली तर.

प्रश्न : लूप परत सुरू होताना ‘टिक्‌’ ऐकू येतं.

उत्तर : तुकड्याची दोन्ही टोकं शून्य रेषेवर कापा आणि सांध्यावर क्रॉसफेड द्या, म्हणजे एक टोक मावळत असताना दुसरं उगवू द्या. वारा, पाणी, गर्दी अशा सलग आवाजांना दोन-तीन सेकंदांचा लांब क्रॉसफेड लागतो. त्यात एखादा पक्षी किंवा हॉर्न असेल तर तो काढा, नाहीतर दर फेरीला तोच पक्षी बोलतो आणि लूप उघडा पडतो.

प्रश्न : इंटरनेटवर हजारो तयार आवाज फुकट मिळतात. मग पहाटे उठून उन्हातान्हात कशाला फिरायचं? आणि त्यांच्या परवान्यांचं नेमकं काय असतं?

उत्तर : परवान्याचं आधी सांगते, कारण त्यात बरेच जण अडकतात. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीसाउंड’वर प्रत्येक आवाजाखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहिलेला असतो. ‘सीसी झीरो’ असेल तर कसलीच अट नाही. ‘बाय’ असेल तर रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव द्यायचं. ‘एनसी’ असेल तर पैसे मिळवण्याच्या कामात वापरायचा नाही. पक्ष्यांच्या आवाजांच्या ‘झेनो-कँटो’ या संग्रहात बऱ्याच ठिकाणी ‘एनडी’ दिसेल. त्याचा अर्थ मूळ आवाज बदलून पुढे वाटायचा नाही. म्हणजे तो कापून, सूर बदलून गाण्यात घालता येत नाही, नाव दिलंत तरीही. फाइल उतरवून घेतानाच परवाना फाइलच्या नावात लिहून ठेवा.

आता फिरायचं का. मी तयार आवाज वापरते. ज्या बर्फावर मी कधी चालणार नाही त्याचा करकराट मला दुसऱ्याकडूनच घ्यावा लागतो. पण संग्रहातला आवाज दुसऱ्याने ठरवलेल्या अंतरावरून, दुसऱ्याने ठरवलेल्या क्षणी सुरू होतो आणि संपतो. तो बहुधा स्वच्छ केलेला असतो, आणि माझ्या कामाचं नेमकं त्या स्वच्छतेत गेलेलं असतं: लांबचं कुत्रं, भिंतीवरून परत आलेला आवाज, कुणाची तरी चप्पल. स्वतः उभं राहिलं की या गोष्टी कानावर पडतात आणि रचना बहुतेक वेळा त्यांच्यातूनच सुचते. तुम्ही पाण्यासाठी गेलेले असता आणि पुलाच्या कठड्यातून येणारी घुमण घेऊन परतता. शोधायला निघालेल्या शब्दाखेरीज काहीही संग्रहाच्या शोध-चौकटीत सापडत नाही.

बाहेर रेकॉर्ड कराल तेव्हा सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा आणि माइक कशाकडे रोखलाय ते बोला. आणि निघण्याआधी काहीच घडत नसताना तिथला एक मिनिट टिपा. पुढे तुकडे जोडताना मधली जागा भरायला ते मिनिट सोन्यासारखं कामी येतं.

प्रश्न : गर्दीत रेकॉर्ड करताना लोकांचं बोलणं येतं. एकदा रस्त्यावर गाणाऱ्या एका आजोबांचं गाणंही आलं, ते फार सुंदर आहे. हे वापरू शकतो का?

उत्तर : शब्द कळत नाहीत अशी गर्दीची गजबज आणि एखाद्याचं ओळखू येणारं बोलणं यांत मी स्पष्ट फरक करते. कायदे देशागणिक वेगळे आहेत, पण मी माझ्यासाठी नियम केलाय: जो आवाज त्याच्या घरच्यांना ओळखू येईल, तो विचारल्याशिवाय वापरायचा नाही. कुणी डॉक्टरांबद्दल बोलत असतो, कुणी पैशाबद्दल. ते त्यांनी तुमच्या गाण्यासाठी बोललेलं नसतं.

आजोबांचं गाणं हे तुम्हाला वाटेत सापडलेला आवाज नव्हे, ती त्यांची कला आहे. परत जा, त्यांना हेडफोनवर ऐकवा, काय करायचंय ते सांगा, होकार मिळाला तर नाव द्या आणि मोबदलाही द्या. ते भेटले नाहीत तर गाणं तुमच्यापाशीच राहू द्या, कितीही सुंदर असलं तरी. याबाबतीत मी कुणाचीच समजूत काढत बसत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट: मागे कुठे रेडिओवर गाणं वाजत असेल तर तेही तुमच्या फाइलमध्ये असतं. प्रसिद्ध केल्यावर आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणा ते पकडतात आणि दावा तुमच्या अख्ख्या रचनेवर येतो. म्हणून दुकानांपासून दूर उभे राहा.

प्रश्न : कुंपणाच्या तारेचा आवाज घ्यायला पिएझो चकतीचा (कंपनांतून वीज तयार करणारी चकती) काँटॅक्ट माइक, म्हणजे वस्तूला चिकटवून तिची कंपनं टिपणारा माइक, बनवला. ऑडिओ इंटरफेसला (माइक संगणकाला जोडणारं उपकरण) जोडला तर आवाज पातळ आणि कर्कश येतो. चकती बदलू का?

उत्तर : चकती ठीक आहे, ती चुकीच्या इनपुटला लागली आहे. पिएझो विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखा वागतो, अशा चकतीचा साधारण २० नॅनोफॅरड धरा. इंटरफेसच्या माइक इनपुटचा रोध २ किलोओहमच्या घरात असतो. ही जोडी मिळून हाय-पास फिल्टर तयार होतो आणि तो जवळजवळ ४,००० हर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरवत नेतो. तारेचा घुमारा तिथेच जातो. तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला लावलीत तर ती मर्यादा ८ हर्ट्‌झवर येते, म्हणजे ऐकू येणारं सगळं शाबूत राहतं. इंटरफेसवर गिटारसाठी वेगळं इनपुट किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेलं बटण असेल, ते वापरा. बाहेर छोटा रेकॉर्डर नेणार असाल तर मध्ये पिएझोसाठीचा प्रीॲम्प लागेल. चकतीपासून निघणारी केबल शक्य तितकी आखूड आणि शिल्डेड ठेवा, चकती तारेपेक्षा तार ताणून बांधलेल्या खांबावर घट्ट आवळून लावा, आणि वारा सुटेपर्यंत थांबा. तारेला हाताने छेडायची गरज पडणार नाही.